पत्र्याच्या कामाला हातमोजे: सी की एफ?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं पत्र्याचं काम आहे, पेट्या, कपाटं, कूलरच्या बॉड्या. हात कापू नये म्हणून मिळणारे दोन्ही मोजे वापरून झालेत. एक पातळ, राखाडी, तळव्याला पीयूचा (पॉलियुरेथेन) थर, वर ४एक्स४३सी छापलेलं. दुसरा जाड नायट्राइलचा, ४एक्स४४एफ.

मोज्यावर हातोड्याचं चित्र असतं, ती ईएन ३८८ या युरोपियन मापाची खूण. त्याखालचे आकडे क्रमाने घासणं, कापणं, फाटणं, टोचणं यांना मोजा किती टिकतो त्याचे, हे माहीत असेलच. फसगत होते ती दुसऱ्या आकड्यात. त्या चाचणीत गोल पातं फिरतं. मोज्यात काच किंवा स्टीलचा धागा असला की पातंच बोथट होतं आणि मोजा आहे त्याहून भारी ठरतो. म्हणून २०१६ पासून सरळ पात्याची चाचणी आणि शेवटी ए ते एफ अक्षर आलं. सी म्हणजे पात्याचा किमान १० न्यूटन जोर सोसतो, एफ म्हणजे ३०. एक्स म्हणजे ती चाचणी केलेली नाही, नापास नव्हे. दुकानदाराने नुसतं ४५४४ दाखवून "पाच आहे की मालक" म्हटलं, तर अक्षर कुठाय ते विचारा. अमेरिकन माप वेगळं, ए१ ते ए९. तिथला ए४ बघून सगळ्यात खालचा समजू नका.

कागदावर एफ तिप्पट, म्हणून मी आधी एफच आणला. शिअरिंगवरून (पत्रा कापायच्या मशीनवरून) निघालेला पत्रा उचलायला त्याला तोड नाही. पण नवा मोजा म्हणजे कडक भाकरी, बोट वाकता वाकत नाही. पत्रे जोडायचा बारीक पॉप रिव्हेट उचलायचा तर मोजा काढा, आखणी करायची तर काढा. त्यात आपला एप्रिल-मे. घामाने आतलं अस्तर हाताला चिकटून उलटं बाहेर यायचं आणि ओल्या हाताने परत घालायचं म्हणजे शिक्षाच. मग पोरं काय करणार? "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणत उघड्या हातानेच करायची. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे हात कापले तेवढ्या वेळी मोजा बाकावर होता.

सी घालून रिव्हेट उचलता येतो. मोबाइलसुद्धा उचलतात, तो भाग वेगळा. तेलकट पत्र्यावर मात्र पीयू सटकतो, हे कबूल. तुमच्याकडे जाड प्लेट, काच किंवा दिवसभर नुसती चढउतार असेल, तर एफ घ्या, मी अडवणार नाही.

ड्रिल मशीनवर मात्र यातला कुठलाच नको. चुलतभावाने टॉवेलच्या लूमवर घालायला मागितले होते, त्यालाही नाही म्हटलं. फिरत्या भागात मोजा अडकला तर आतला हातही जातो, आणि मोजा जितका फाटायला चिवट तितका धोका जास्त.

यंदा सीचे दोन डझन घेतले. एफचे दोन जोड शिअरिंगशेजारी खिळ्याला टांगलेत, मोठा पत्रा आला की निघतात.