हरभट रोडच्या गल्लीतला मोडेमवाला : चार तारे

"ताई, तेवढं रिव्ह्यूचं बघा की," म्हणून तो महिनाभर मागे लागलाय. सांगलीत हरभट रोडवरून आत वळलं की जिन्याखालचं दुकान. बोर्डावर आता सीसीटीव्ही आणि फायबरची इतकी स्टिकरं चिकटवलीत की नाव वाचता येत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. मी रिव्ह्यू देतेय तो २००१ सालच्या कामाचा. माणूस पारखला तो तेव्हाच.

तेव्हा मी घरी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करायचे. पेजमेकर, श्री-लिपी, विंडोज ९८, आणि तयार पानं पुण्याच्या छापखान्याला ईमेलने. घरात फोन एकच. डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट, लावलं की सासूबाईंचा फोन बंद, त्यामुळे रोज एक वाद ठरलेला. त्यात नवीन दुखणं सुरू झालं. दिवसा लाइन बरी चालायची आणि संध्याकाळी सातनंतर पाच-सात मिनिटांत तुटायची. चार एमबीची फाइल पाठवायला सगळं सुरळीत असलं तरी पंचवीसेक मिनिटं लागत. म्हणजे फाइल काही पोचायची नाही, फोनचं मीटर मात्र पळायचं. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

ज्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शन होतं तिची हेल्पलाइन पुण्यात, म्हणजे एसटीडी, बाहेरगावचा कॉल. आता गंमत बघा. हेल्पलाइनशी बोलायचं तर मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारा डबा, बंद ठेवायचा, आणि मोडेम चालू केल्याशिवाय त्यांना काही कळणार नाही. शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनवर मी, आमच्या गॅलरीत चौथीतला मुलगा आणि आत कॉम्प्युटर, अशी साखळी लावली. हेल्पलाइनच्या पोराने विचारलं, "सीडीचा दिवा लागतोय का?" मी ओरडून विचारलं, मुलगा आत पळाला आणि येऊन म्हणाला, "आई, आत सीडीच नाहीये!" हा सीडी ड्राइव्ह उघडून बघून आला होता. मोडेमवर सीडी लिहिलेला दिवा म्हणजे कॅरियर डिटेक्ट, पलीकडच्या मोडेमची हाक ऐकू येतेय अशी खूण, हे मला फार नंतर कळलं. तीन संध्याकाळी असं झाल्यावर हेल्पलाइनचा निकाल आला : विंडोज फॉरमॅट करा. फॉन्टसकट सगळा धंदा त्या हार्डडिस्कवर, आणि म्हणे फॉरमॅट करा!

मग हा दुकानवाला आला. "येतो" म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी, रात्री साडेसातला. चोवीसेक वर्षांचा असेल. कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. फोनचा रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबला म्हणजे डायल टोन थांबला, आणि हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प केलं. सासूबाई आतून काही म्हणत होत्या, त्यांनाही. मिनिटभर नुसता ऐकत उभा. मग म्हणाला, "ताई, संध्याकाळी घरात काय काय लावता?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

टीव्ही लावला, काही नाही. पंखा लावला, काही नाही. बाहेरच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला सांगितली, मग परत लावायला सांगितली, आणि रिसीव्हर माझ्या कानाला दिला. डब्यात माशी कोंडल्यासारखी घूं. चोकवाली जुनी ट्यूब होती. दिवाळीच्या रंगकामात इलेक्ट्रिशियनने भिंत साफ दिसावी म्हणून फोनची चपटी वायर ट्यूबच्या वायरबरोबर एकाच पट्टीत कोंबली होती. बोलताना ती घूं आपल्याला जाणवत नाही. मोडेमला मात्र त्या आवाजातून पलीकडचं शब्द न शब्द ऐकावं लागतं. आवाज वाढला की तो आधी वेग कमी करतो, मग पुन्हा जुळवून बघतो, आणि नाहीच जमलं तर फोन ठेवून देतो. आमच्याकडे दिवेलागणीला हेच व्हायचं.

त्याने दुसऱ्या भिंतीवरून पीळ दिलेली जोडवायर ओढली. जाता जाता दाराजवळचा जुना जोड उघडला; वर सेलोटेप, आत तांब्यावर हिरवं साचलेलं. तोही कापून नवा केला. वायरचे साठ, मजुरीचे शंभर. त्या रात्री फाइल एका दमात गेली.

मी तर नवीन भारी मोडेम घ्यायच्या तयारीत होते, दुकान त्याचंच. हा म्हणाला, "तुमचा ५६के आहेच. पण तो ५६चा वेग फाइल खाली उतरवतानाचा. वर पाठवताना हा ३३.६च्या पुढे जात नाही, नवीन घेतला तरी इथं तेवढाच जाईल. तुम्ही तर पाठवताच जास्त. कशाला पैसे घालवता?" स्क्रीनवर कनेक्ट झाल्यावर १,१५,२०० दिसायचं, त्यावर मी खूश असायचे, तो आकडा कॉम्प्युटर ते मोडेम एवढ्याच दोन फुटांचा आहे हेही त्यानेच सांगून आनंदावर पाणी ओतलं. गिऱ्हाइकाला घाबरवून सामान गळ्यात मारणारे मी नंतर पुष्कळ बघितले, त्यामुळे हे लक्षात राहिलं.

त्यानंतर तीन-चार वर्षं आमचा मोडेम त्याच्याच भरवशावर होता. एकदा रिसीव्हरमध्ये टोन स्पष्ट ऐकू येत असताना मोडेम मात्र "डायल टोन नाही" म्हणून अडून बसला. परदेशात बनलेल्या मोडेमला आपल्याकडची टोन कधीकधी ओळखू येत नाही, म्हणाला, आणि मोडेमच्या सेटिंगमध्ये जादा कमांडच्या चौकटीत 'एक्स ३' एवढंच लिहून गेला. म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. त्याचे पैसेच घेतले नाहीत.

एक नुकसान झालं ते माझ्या चुकीने. वळीव गडगडायला लागला की विजेचा प्लग काढ आणि फोनची पिनही काढ, असं त्याने बजावलं होतं. २००२च्या मे महिन्यात मी विजेचा काढला, पिन विसरले. वीज फोनच्या तारेवरून आली आणि मोडेम काळा पडला. तेव्हा त्याने दुकानातला एक जुना, दिवे अर्धे मेलेला मोडेम महिनाभर वापरायला दिला, भाडं न घेता.

आता तक्रारी. "येतो" या शब्दाला त्याच्याकडे काही अर्थ नाही. दुपारी एक ते चार शटर खाली, फोन उचलायचा नाही. बिल आजतागायत दिलेलं नाही, मागितलं की हसतो. वायर कापता कापता व्याख्यान देतो आणि चहा गार करतो. आणि गेल्या वर्षी फायबर बसवताना राऊटर टीव्हीच्या मागे ढकलून निघून गेला. स्वयंपाकघरात रेंज येईना, शेवटी मीच तो उचलून कपाटावर ठेवला. रिसीव्हर कानाला लावून मिनिटभर उभा राहणारा तो पोरगा हे करून गेला, याचं जास्त वाईट वाटलं. एक तारा त्याचा कापलाय.

शिवाय माझ्या पहिल्या मोडेमची ड्रायव्हरची सीडी "उद्या देतो" म्हणून नेली होती. ती अजून यायची आहे.