फक्त ७ नग शिल्लक

लेक सहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रात्री अडीच-तीनला ती उठायची, तिला खांद्यावर घेऊन मी खोलीत येरझाऱ्या घालायचो, आणि मोकळ्या हातात फोन असायचा. अर्धवट झोपेतला बाप म्हणजे जाहिरातवाल्यांना आयतं गिऱ्हाईक. दिवसाढवळ्या ती जाहिरात पाहिली असती तर मी हसून पुढं गेलो असतो.

जाहिरातीत करड्या रंगाचा, मऊ मखमली हत्ती होता. बाळ टाळी वाजवतं, हत्ती कान हलवून गाऊ लागतो. बाळ ‘बा’ म्हणतं, हत्ती ‘बाबा’ म्हणतो. आई कौतुकानं हसते. शेवटी ते बाळ हत्तीला कवटाळून पाळण्यात झोपी जातं. खाली लिहिलेलं : वय तीन महिन्यांपासून पुढे, बालमेंदूतज्ज्ञांनी तयार केलेला, बाळाचा शब्दसंग्रह दुप्पट करणारा, तुमच्या भाषेत बोलणारा. कोण तज्ज्ञ, कुठले, काही नाही. तीन महिन्यांच्या बाळाचा शब्दसंग्रह शून्य असतो आणि शून्याची दुप्पट शून्यच, हे गणित मला तेव्हा सुचलं नाही.

बायकोची रजा संपत आली होती. लेकीला सांभाळायला येणाऱ्या मावशी मायाळू, पण दिवसाला दहा वाक्यं बोलतील तर शपथ. दिवसभर पोरीच्या कानावर शब्द पडणार कसे, या धास्तीनं आम्ही दोघंही पोखरलो होतो. त्या धास्तीवर कुणीतरी मखमली हत्ती काढून दिला. पानावर उलटं मोजणारं घड्याळ होतं, सवलत संपायला अकरा मिनिटं, आणि लाल अक्षरांत ‘फक्त ७ नग शिल्लक’. मी कार्डाचा नंबर टाकला.

पुढं शांतपणे तेच पान पाहिलं तेव्हा डोक्याला हात लावला. पान बंद करून पुन्हा उघडलं की घड्याळ परत अकरा मिनिटांवर यायचं, आणि नग सातच्या सात. चार वेगवेगळ्या आयांनी लिहिलेल्या अभिप्रायांत एकाच शब्दाचं शुद्धलेखन एकाच प्रकारे चुकलेलं. पत्ता नाही, फोन नाही, निरोप पाठवायला एक चौकट तेवढी. आणि परताव्याच्या अटींत वाक्य होतं, ‘पादत्राणे वापरलेली नसावीत.’ चपला विकणाऱ्या कुणाच्या तरी अटी उचलून हत्तीला चिकटवल्या होत्या. व्हिडिओतलं एक चित्र थांबवून त्यावरून शोध घेतला तर मूळ व्हिडिओ दुसऱ्याच, चांगल्या कंपनीच्या खेळण्याचा निघाला. पाच मिनिटांचं काम. पैसे भरण्याआधी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

साडेतीन आठवड्यांनी एक पिशवी आली. खोका नाही, कंपनीचं नाव नाही. आत तळहातापेक्षा थोडा मोठा हत्ती, त्याला रॉकेलसारखा वास. पोट दाबलं तर आधी एक धून दुप्पट वेगानं वाजली, मग एका बाईनं घरात कुणालाच न कळणाऱ्या भाषेत काहीतरी मोजलं, आणि शेवटी कुत्र्याचा आवाज.

आई म्हणाली, “अरे, हा तर भुंकतोय!”

कान हलत नव्हते, ते नुसते शिवलेले होते. लेकीनं टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, आईनं तर त्याच्या कानाशी जाऊन वाजवल्या. हत्ती ढिम्म. शेवटी रात्री पाठीची शिवण उसवली. आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली झाकलेली चिप, एक दाबायचं बटण, एक स्पीकर आणि बटणासारख्या तीन बॅटऱ्या. मायक्रोफोन नव्हताच. म्हणजे तो नीट चालत नव्हता असं नाही. ऐकण्याची सोयच त्यात कधी नव्हती. आणि ज्या स्वस्त खेळण्यांत मायक्रोफोन असतो, त्यांतलीही बहुतेक आवाज अमुक मोठा झाला की सुरू होतात किंवा ऐकलेलं रेकॉर्ड करून परत ऐकवतात. ‘बा’ला ‘बाबा’ असं उत्तर देण्यासाठी शब्द ओळखावा लागतो. तो या पट्टीचा घास नव्हे.

पैशाची चुटपुट होती, पण पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. शेपटीजवळच्या कापडी चिठ्ठीवर एक बारीक चिन्ह होतं : लाल वर्तुळात रडवेला चेहरा, शेजारी ०-३, आणि त्यावर आडवी रेघ. तीन वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये, असा त्याचा अर्थ. बनवणारा स्वतः तसं सांगतोय आणि विकणारा तेच खेळणं तीन महिन्यांच्या बाळासाठी म्हणून खपवतोय. चिठ्ठीवर सीई ही अक्षरंही होती, म्हणजे खेळणं युरोपातले सुरक्षेचे नियम पाळतं असं सांगणारी खूण. मला वाटलं होतं ती म्हणजे कुणीतरी तपासून दिलेला शिक्का. बहुतेक खेळण्यांवर ती अक्षरं बनवणाराच स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. त्यांच्याबरोबर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता असायला हवा. इथं दोन्ही नव्हतं.

बॅटरीचं झाकण नखानं उघडलं. स्क्रू नाही, वर वेल्क्रोची पट्टी. हे वाचून कुणी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. लहान मुलांच्या खेळण्यात बॅटरीचं झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, कारण बटण-बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून जबर भाजू शकतं. त्यासाठी बॅटरी फुटावी वा गळावी लागत नाही. ओल्या त्वचेला टेकली की तिच्यातून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि तीच मांस जाळते. नाण्याएवढ्या, २० मिमी व्यासाच्या लिथियम बॅटऱ्या सगळ्यांत घातक, कारण त्या नेमक्या लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतात. सुरुवातीला दिसतो तो नुसता खोकला, लाळ, खायला नकार. सर्दी समजून घरीच वाट पाहिली जाते. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. उलटी करवायची नाही.

हत्तीचा एक डोळा प्लॅस्टिकचा मणी होता. मी दोनदा ओढला, तिसऱ्यांदा हातात आला. लेक त्या दिवसांत दिसेल ते तोंडात घालत होती. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे तुकडे तपासायला ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल तो तुकडा धोक्याचा. असे मणी त्या नळीत डझनभर मावले असते. आवाजही असा की फोनवरच्या मीटरनं वीतभर अंतरावर नव्वद डेसिबलच्या वर आकडा दाखवला. तो मीटर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण लेकरं खेळणं वीतभर लांब थोडंच धरतात, ती कानालाच लावतात. आणि जाहिरातीतलं ते कवटाळून झोपलेलं बाळ! वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी ठेवूच नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाकातोंडावर येऊन श्वास कोंडतो. जी जाहिरात हेच दृश्य मिरवते, तिच्या मालकाला बाळांविषयी काय कळत असेल ते समजून घ्या.

एवढं सगळं आमचं आम्हाला कळलं ते नंतर. त्याआधी मी आणखी एक मूर्खपणा केला होता.

पिशवीत एक कार्ड होतं. ‘शिकवणी सुरू करण्यासाठी ॲप उतरवा.’ मला वाटलं, कुत्रा बहुधा त्यामुळंच भुंकतोय. ॲप जोडलं की हत्ती होईल. ॲपनं लेकीचं नाव मागितलं, जन्मतारीख मागितली, मायक्रोफोन मागितला, फोनमधल्या सगळ्या संपर्कांची यादी मागितली. सात दिवस फुकट म्हणून कार्डही मागितलं. मी संपर्क सोडून सगळं दिलं. ॲप हत्तीला जोडलं गेलं नाही. जोडायला हत्तीत काही नव्हतंच. मी वैतागून ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं धरून चाललो. आठव्या दिवशी पैसे कापले गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. ॲप काढल्यानं वर्गणी थांबत नाही. फोनच्या ॲप-दुकानातल्या आपल्या खात्यात जाऊन वर्गणी वेगळी रद्द करावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

मायक्रोफोनला परवानगी दिली याची टोचणी अजून आहे. २०१७ साली क्लाउडपेट्स नावाच्या निरोप पाठवणाऱ्या मऊ खेळण्यांच्या ग्राहकांची ८ लाखांहून जास्त खाती उघड्यावर पडली होती. आईबाप आणि मुलांचे २० लाखांहून जास्त आवाजी निरोपही त्या घोळात सापडले. त्याच वर्षी जर्मनीनं माय फ्रेंड केला ही बोलकी बाहुली लपवलेलं ऐकण्याचं यंत्र ठरवून बंद केली, पालकांना ती निकामी करायला सांगितलं. ही तर नाव-पत्ता असलेल्या कंपन्यांची खेळणी. ज्याला पत्ताच नाही त्याला मी माझ्या पोरीची जन्मतारीख देऊन बसलो.

पैसे परत मागायला गेलो तेव्हाचा खेळ ओळखून ठेवा. आधी उत्तर आलं, हत्ती भेट म्हणून ठेवा, आम्ही १५ टक्के परत करतो. मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी ३० टक्के. मग, स्वखर्चानं परदेशात पाठवा, मिळाल्यावर बघू. मग ४५ टक्के. दर खेपेला भाषा गोड, दर खेपेला दोन-तीन दिवस गेलेले. कार्डानं भरलेले पैसे परत मिळवायला बँकेत तक्रार करता येते, तिची मुदत उलटावी म्हणून हे सगळं चाललेलं असतं. आणि त्यातला कुठलाही आकडा ‘ठीक आहे’ म्हणून मान्य केलात तर तेच लेखी उत्तर पुढं बँकेला दाखवलं जाऊ शकतं. ताईनं मला वेळेत हटकलं. ती म्हणाली, “तू त्यांच्याशी घासाघीस का करतोयस? बँकेला लिही, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.” जाहिरात तोवर गायब झाली होती. माझं नशीब एवढंच की कौतुकानं तिचे फोटो मी ताईलाच पाठवले होते. ते, उसवलेल्या हत्तीचा फोटो आणि त्या ०-३च्या चिठ्ठीचा फोटो जोडला. दीड महिन्यानं हत्तीचे पैसे परत आले. ॲपचे दोन हप्ते गेले ते गेले. मधल्या काळात ‘परतावा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एका भल्या माणसाचा फोन आला, त्यानं फोनचा पडदा त्याला दिसेल असं एक ॲप उतरवायला सांगितलं. तोवर मी बऱ्यापैकी शहाणा झालो होतो.

आता शिकवण्याच्या दाव्याविषयी, कारण माझ्या मते खरी फसवणूक तिथं होती. समजा हत्ती जाहिरातीतल्यासारखाच निघाला असता, तर? अमेरिकेत ॲना सोसा या संशोधिकेनं १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं. बोलक्या इलेक्ट्रॉनिक खेळण्याशी खेळताना पालक मिनिटाला साधारण ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांशी ५६, आणि पुस्तक घेऊन बसले तेव्हा ६७. हे आकडे वाचून मी चपापलो, कारण त्या भुंकण्यापायी आमच्याकडेही तेच झालं होतं. हत्ती वाजायला लागला की मी गप्प बसून बघायचो. २००३ साली पॅट्रिशिया कुल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी उचलले; तेच व्हिडिओवरून किंवा नुसत्या आवाजावरून ऐकलेल्या बाळांना ते साधले नाहीत. तान्ह्यांना हुशार करतील म्हणून गाजलेल्या बेबी आइनस्टाइनच्या डीव्हीडींसाठी २००९ साली डिस्नेनं ग्राहकांना पैसे परत देऊ केले होते. दावा जुनाच आहे, त्यावर आता मखमल चढली आहे इतकंच.

वाजणारं मऊ खेळणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ताईनं नंतर एक ससा दिला. त्याचे डोळे भरतकामाचे, बॅटरीच्या डबीला स्क्रू, डबी काढून ससा धुता येतो, आवाज कमी करायचं बटण आहे, आणि चिठ्ठीवर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. आठव्या महिन्यात लेकीला उमगलं की पंजा दाबला की गाणं वाजतं. मग ती दाबायची, आमच्याकडे बघायची, पुन्हा दाबायची. आपण काही केलं की जगात काही घडतं, हे कळणं त्या वयात मोठंच आहे, आणि ते सशाकडून मिळालं. शब्द म्हणाल तर तिचा पहिला शब्द मावशींकडून आला. त्या बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते तिच्या डोळ्यांत बघून.

गेल्या आठवड्यात रात्री फोनवर ती जाहिरात परत आली. दुकानाचं नाव नवं, हत्तीच्या जागी पांडा. टाळी वाजवणारं बाळ तेच, हसणारी आईही तीच. पान उघडलं. घड्याळात अकरा मिनिटं होती. फक्त ७ नग शिल्लक.