मॅकचे क्लोन: परवान्याचे आणि बिनपरवान्याचे

पॉवर कॉम्प्युटिंग या कंपनीने 1995 मध्ये ॲपलचा रीतसर परवाना घेऊन मॅक क्लोन, म्हणजे मॅकची सिस्टिम चालवणारे दुसऱ्या कंपनीचे संगणक, विकले. रॉम (संगणक सुरू करणारा कोड असलेली चिप) ॲपलचा, त्यामुळे सिस्टिम 7 ही मॅकची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम विनासायास चाले. धोका फक्त करारात होता: परवाना सिस्टिम 7 पुरता. 1997 मध्ये पुढची आवृत्ती मॅक ओएस 8 नावाने आली आणि वाट बंद झाली. तरीही ॲपलने 10 कोटी डॉलरचे शेअर देऊन त्यांचा मॅक व्यवसाय विकत घेतला.

फ्लोरिडाच्या सायस्टार कंपनीने 2008 मध्ये परवान्याविनाच साध्या इंटेल पीसीवर मॅक ओएस टेन घालून विकली. ही सिस्टिम ॲपलच्याच हार्डवेअरमधली किल्ली शोधते, म्हणून सायस्टारने बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) बदलला, काही कर्नल एक्स्टेन्शन (सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेले कोडचे तुकडे) काढले, स्वतःचे घातले. अपडेट आलं की हे सगळं मोडायची भीती. खोक्यात विकत घेतलेली डीव्हीडी असायची, पण संगणकाच्या हार्ड डिस्कवरची प्रत एका मास्टर इमेजवरून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या एकाच नमुन्यावरून, छापलेली. ॲपलने भरलेल्या खटल्यात सायस्टारची केस नेमकी इथेच बुडाली! विकत घेतलेली प्रत पुढे विकता येते, नवी काढून नव्हे. नोव्हेंबर 2009 मध्ये न्यायालयाने कॉपीराइटभंग ठरवला, डिसेंबरात कायमची मनाई आली. प्रत्येक मशीनवर त्याच्याच डीव्हीडीवरून सिस्टिम वेगळी घातली असती तरी बदललेल्या सिस्टिमचा आणि किल्ली मागणाऱ्या तोडलेल्या कुलपाचा प्रश्न उरलाच असता.