जुनी रजई पिंजून घ्यावी का? नाशिकचा अनुभव

आमच्या नाशिकची थंडी हीटर घेण्याइतकी नसते, पण निफाडकडे पारा ५-६ अंशांवर आला की इथे फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. म्हणून दिवाळी आटोपताच आईच्या वेळची कापसाची रजई गल्लीतल्या गादीवाल्याकडे दिली.

पावसाळ्याच्या दमटपणाने आत नुसते गठ्ठे झाले होते. त्याने खोळ उसवली, कापूस आधी उन्हात पसरला, मग यंत्रात घातला. पिंजल्यावर तंतू सुटे होतात, त्यांच्यात हवा अडकते आणि खरी ऊब त्या हवेचीच. रजई चांगली फुगून आली. काळा पडलेला कापूस त्याने स्वतःहून बाजूला काढला, तेवढाच नवा काट्यावर माझ्यासमोर मोजून घातला. ‘ताई, नवीनच घ्या’ असा आग्रह अजिबात नाही.

टाके मात्र फार लांब लांब. कोपऱ्यात कापूस सरकू लागला, शेवटी मीच सुईदोरा घेऊन बसले. देतानाच बजावून ठेवा. खोळीचं कापडही घरून न्या, त्याच्याकडचं मांजरपाट खरखरीत आहे.

पॉलिफिलची, म्हणजे आत कृत्रिम धाग्यांचा भराव असलेली रजई मशीनमध्ये धुता येते, मान्य. कापसाच्या रजईला अभ्रा घालावाच लागतो. पण पॉलिफिलमध्ये मला मध्यरात्रीच घाम फुटतो. (सासूबाईंना दोन्ही नकोत, गोधडीच हवी. त्यावर वाद नाही.)

तुळशीच्या लग्नाआधी नेऊन टाका, नंतर तिथे रांग लागते.