मोठा कुत्रा घरी आणला: जुनं नाव ठेवावं, थोडं वळवावं की नवंच द्यावं?

तीन-चार वर्षांचा कुत्रा कुणाकडून घेतला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, आता हा नवं नाव काय शिकणार? शिकतो. त्यात वय आडवं येत नाही. तो नाव शिकतो ते त्या आवाजापाठोपाठ काय घडतं त्यावरून. म्हणून जुनं नाव ऐकल्यावर तो काय करतो, ते आधी बघा.

आणल्या दिवशीच परीक्षा घेऊ नका. नव्या अंगणात पहिले दोन-तीन दिवस तो कशालाही दचकतो. नंतर तो दुसरीकडे बघत असताना सहा-सात फुटांवरून साध्या आवाजात एकदाच जुनं नाव घ्या. थोड्या वेळानं त्याच सुरात ‘सोयाबीन’ म्हणा. दोन्हींना मान सारखीच वळली, तर तो नुसत्या आवाजाला वळतो आहे, नाव त्याला ठाऊक नाही. फक्त नावाला कान टवकारले आणि शेपूट सैल हलली, तर नाव पक्कं आहे. कान मागे चिकटले, शेपूट पायांत गेली, जीभ नाकावरून फिरली, अंग खाली दबलं, तर त्या नावामागे मार असण्याची शक्यता मोठी. अशा कुत्र्याला ते नाव पुन्हा ऐकवू नका.

जुनंच नाव

नाव पक्कं आणि कुत्रा खूश, तर हाच सोपा मार्ग. दोर तोडून पळाला तरी पहिल्याच आठवड्यात हाकेला येतो. म्हाताऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या कुत्र्याचं नाव तर बदलूच नये. अडचण असते ती गावाची. मोत्या, शेरू, टायगर गल्लीगल्लीत आहेत. एकाला हाक मारली की दोघं येतात. ‘राजा’ तर घरच्या बैलाचंही नाव असतं. आणि आधीचा मालक त्याच गावात असेल, तर त्याच्या हाकेनं कुत्रा परत तिकडेच जाईल.

मिळतंजुळतं नाव

मोत्याचा सोन्या, शेरूचा भेरू. स्वर तेच राहतात, म्हणून कुत्रा लवकर पकडतो. गल्लीतल्या नावांचा गोंधळ एवढीच अडचण असेल, तर आम्ही हाच मार्ग सुचवू. मात्र काळूचा बाळू करण्याआधी शेजारी कुणी बाळूभाऊ नाही ना, ते बघा. खेड्यात यावरून खरंच भांडणं होतात. जुन्या नावाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र हा मार्ग नाही. आवाज जवळचा असला की भीतीही सोबत येते.

पूर्ण नवं नाव

घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी, तसंच चौकातून आणलेल्या बिननावाच्या कुत्र्यासाठी हेच योग्य. नाव दोन अक्षरी आणि शेवटी आ किंवा ऊ असलेलं निवडा. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत हाक लांबवता येते. रोजच्या हुकमाशी ते जुळू नये. ‘बसंती’ म्हटलं की ‘बस’ शिकलेली कुत्री खाली बसेल. ‘हाड’शी जुळणारं नाव तर नकोच.

हरभऱ्याच्या दाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे तुकडे घ्या. रश्शातलं मटण देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. कुत्रा थोडा भुकेला असावा. नाव एकदा घ्या, मान वळताच ‘शाब्बास’ म्हणा आणि लगेच तुकडा द्या. एका वेळी आठ-दहा हाका, दिवसातून तीन वेळा. मे महिन्यात हे भल्या सकाळी आणि दिवस मावळल्यावरच करा. पारा पंचेचाळिशीला टेकला की कुत्रा खाण्याकडेही बघत नाही. दहापैकी आठ वेळा मान वळू लागली की अंगणातून गल्लीत, मग वावरात जा. वावरात सुरुवातीला तीस-चाळीस फुटांचा दोर बांधा. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर दिसलं की कच्चं शिकलेलं नाव कामाला येत नाही. बहुतेक कुत्रे आठवड्या-दोन आठवड्यांत घरापुरतं नाव शिकतात, वावरातल्या हाकेला जास्त दिवस लागतात.

जुनं नाव आवडतं असूनही बदलायचं असेल, तर दोन्हींची जोडी लावा: आधी नवं, लगेच जुनं, मग तुकडा. बरेच जण उलटं करतात आणि इथंच चुकतं. जुनं आधी घेतलं की कुत्रा तेवढ्यावरच वळतो, पुढचा आवाज ऐकण्याची त्याला गरजच उरत नाही. नवं आधी आलं की ते जुन्याची वर्दी देतं. नव्यावरच मान वळू लागली की जुनं सोडून द्या.

कोणतंही नाव बिघडतं ते मोठ्या माणसांमुळे. नाव घेऊन बोलावलं आणि साखळी अडकवली, अंगावर पाणी ओतलं, किंवा कोंबडीमागे धावला म्हणून काठी घातली, तर चार दिवसांत तो हाक ऐकून दूर पळतो. अशा कामांसाठी मुकाट्यानं त्याच्याजवळ जा. सलग पाच-सहा हाकाही मारू नका. उत्तर न देता हाक विरते हे तो शिकतो. आणि आजी ‘मोत्या’, पोरं ‘टायगर’, जागलीवरचा गडी ‘यू यू’ असं चालू असेल, तर एकही नाव बसत नाही. घरानं एकच ठरवावं, गड्यालाही सांगावं.

रेबीजच्या लसीच्या कार्डावर जुनं नाव असेल, तर पुढच्या डोसच्या वेळी पशुवैद्यकाकडून शेजारी नवं लिहून घ्या. जुनं खोडू नका. कुत्रा हरवला, तर शोधताना दोन्ही नावांनी हाक मारता येते.