बिग्स्बी आणि ‘कस्टम मेड’ पट्टीवाली १९६३ची गिब्सन ईएस-३३५ : वापरानंतरचा अनुभव

साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही गिब्सन ईएस-३३५ इलेक्ट्रिक गिटारींवर ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि बिग्स्बी (दांडा हलवून सूर थरथरवायची यंत्रणा) यांच्या मधे एक छोटी काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कस्टम मेड’ कोरलेलं असतं. माझ्या १९६३च्या चेरी रंगाच्या गिटारवर ती आहे. गेल्या उन्हाळ्यापासून ही गिटार मी जवळजवळ रोज वाजवते आहे, शिकागोचा एक अख्खा हिवाळाही तिने माझ्याकडे काढला. घेण्याआधी या पट्टीबद्दल मराठीत वाचायला काहीच मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मिशिगनमधल्या कलामाझूच्या कारखान्यात ईएस-३३५ तेव्हा साधारणपणे स्टॉप टेलपीससाठी, म्हणजे तारांची मागची टोकं धरणाऱ्या, बॉडीतल्या दोन खुंट्यांवर (स्टड) बसणाऱ्या धातूच्या भागासाठी तयार होत असे. त्याच्या दोन स्टडसाठी ब्रिजच्या मागे भोकं पाडावी लागतात. पण गिऱ्हाइकाला बिग्स्बी हवी असेल तर टेलपीस बसत नाही आणि ती भोकं उघडी राहतात. त्यावर कारखान्याने काढलेला तोडगा म्हणजे ही पट्टी, दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेली. काही गिटारींत तिच्याऐवजी भोकांत शिंपल्याचे गोल ठिपके बसवलेले दिसतात. १९६४च्या शेवटाकडे स्टॉप टेलपीस जाऊन बॉडीच्या मागच्या कडेला अडकवलेला ट्रॅपीझ टेलपीस आला आणि लपवायला भोकंच उरली नाहीत. तेव्हा पट्टी दिसली म्हणून गिटार कुणा नामवंत वादकासाठी खास घडवली होती असं धरू नका, आणि त्या नावाखाली जास्त पैसे तर मुळीच देऊ नका.

तरीही मला ही पट्टी मोलाची वाटते. फेंडरच्या टेलिकास्टरवर ब्रिज झाकणारं चकचकीत झाकण यायचं, ते बहुतेक वादक काढून टाकायचे आणि काही जण त्यात सिगारेटची राख झाडायचे. ते झाकण मुळातच आराखड्यात होतं. ही पट्टी मात्र कारागिराने समोरच्या एका ऑर्डरसाठी लावलेली आहे. तयार बॉडी फुकट न घालवता काम कसं पुढे नेलं, ते तिच्यात दिसतं. गिब्सनचा हा स्वभाव आणखी एका ठिकाणी भेटतो. त्या काळच्या हमबकर पिकअपखालच्या (पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग) स्टिकरवर २,७३७,८४२ हा पेटंट क्रमांक असतो आणि तो पिकअपचा नाही, लेस पॉल या गिटारवादकाच्या टेलपीसचा आहे!

आता वाजवण्याबद्दल. बिग्स्बीमुळे तारांची ब्रिजमागची लांबी वाढते आणि हाताला तारा किंचित मऊ लागतात. माझ्या मित्राकडे त्याच सुमाराची स्टॉप टेलपीसवाली ईएस-३३५ आहे. दोन्ही एकाच अँपवर लावून ऐकल्या. त्याच्या गिटारचा सूर जास्त घट्ट आहे आणि जास्त वेळ टिकतो. माझीचा सुटा, हवेशीर आहे. ब्लूजच्या लांब सुरांसाठी मी त्याची घेईन, कॉर्ड आणि साथसंगतीसाठी माझीच. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात भावगीतांना साथ केली, तेव्हा अंतरा संपताना कॉर्ड सोडून बिग्स्बीचा दांडा अलगद हलवला की ती कॉर्ड थरथरत मागे राहायची. गायिकेला हे इतकं आवडलं की पुढच्या तालमीत तिने ती जागा मुद्दाम मागून घेतली. मींड मात्र बिग्स्बीवर होत नाही. तिची झेप लहान, साधारण अर्ध्या स्वराच्या आसपासची. मींडेसाठी बोटाने तारच ओढायला हवी.

‘बिग्स्बी सुरात राहत नाही’ असं सगळेच म्हणतात. माझ्या गिटारवर दोष बिग्स्बीचा नव्हता, नटचा (डोक्याकडचा, तारांसाठी खाचा असलेला तुकडा) होता. जी (G) तार नटच्या खाचेत अडकायची आणि दांडा सोडला की चढीच राहायची. गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराने खाच घासून गुळगुळीत केली, तिथे आणि ब्रिजच्या सॅडलवर जरासं ग्रॅफाइट लावलं, तेवढ्याने प्रश्न मिटला. आता दोन तास वाजवून एखादीच तार सारखी करावी लागते. मर्ल ट्रॅव्हिस या अमेरिकन कंट्री वादकाच्या गिटारवरचा जुना व्हायब्रेटो (सूर थरथरवणारी यंत्रणा) सुरात राहीना, म्हणून पॉल बिग्स्बीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस स्वतःची रचना केली होती. नीट लावली तर ती अजूनही तेच काम चोख करते.

तारा बदलणं मात्र कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. तारेच्या टोकाची कडी दांड्याखालच्या खुंटीवर अडकवायची आणि दुसरं टोक गुंडाळेपर्यंत ती निसटू द्यायची नाही. मी टोक आधीच वाकवून घेते आणि खाली स्पंजचा तुकडा खुपसते. घाईच्या वेळी, कार्यक्रमाच्या आधी, हे काम काढू नका.

हिवाळ्यात हीटर सुरू झाल्यावर एक खरखर सुरू झाली, फक्त ठरावीक सुरांवर. आधी बिग्स्बीच्या स्प्रिंगवर संशय गेला, पण पट्टीवर बोट ठेवलं की आवाज बंद व्हायचा. लाकूड सुकून एक खिळा ढिला झाला होता. कारागिराने पट्टी उचलली, भोकात लाकडाची बारीक सळी सरसाने बसवली आणि तोच खिळा परत लावला. सुपरग्लू वापरू नका, पुढे कुणाला पट्टी काढायची झाली तर वार्निशही उचकटेल. उचलली तेव्हा खाली स्टडची दोन स्वच्छ भोकं दिसली आणि त्यांच्याभोवती गडद लाल रंग. बाकीची गिटार उजेडाने फिकी होत होत टरबुजाच्या गरासारखी झाली आहे. कारखान्यातून निघालेला चेरी रंग कसा होता, ते त्या पट्टीएवढ्या जागेत कळलं. तेव्हापासून घरात ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास राखते, खरखर परत आलेली नाही.

बिग्स्बी काढून मूळ भोकांत स्टॉप टेलपीस बसवा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. बाजारात स्टॉप टेलपीसवाल्या गिटारीला जास्त भाव आहे हे खरं. पण बदल केल्यावर बिग्स्बीच्या स्क्रूची भोकं आणि पट्टीच्या खिळ्यांची टोचणी राहतेच, म्हणजे मूळ स्टॉप टेलपीसवालीचा भावही मिळत नाही. ज्यांना तो सूरच हवा आहे त्यांनी खुशाल बदल करावा, फक्त पट्टी आणि तिचे दोन्ही खिळे केसमध्ये जपून ठेवावेत. मी करणार नाही. याच कारणाने ही गिटार मला परवडली.

भारतात न्यायचा विचार असेल तर आधी कागदपत्रं बघा. या काळच्या फिंगरबोर्डला ब्राझीलचं रोझवूड आहे आणि ते १९९२पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय देशाची सीमा ओलांडता येत नाही. वाद्यांसाठी वेगळं प्रमाणपत्र मिळतं, पण लाकूड त्या तारखेआधीचं आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या छिद्रातून) दिसणारं नारिंगी लेबल आणि हेडस्टॉकच्या (गिटारच्या डोक्याच्या) मागचा क्रमांक यांचे स्पष्ट फोटो गिटार घेतानाच काढून ठेवा. मी अजून अर्ज केलेला नाही, त्यामुळे पुण्याला गेले की भावाची साधी गिटार वाजवते.