बीएस्सी मायक्रोबायोलॉजी: तीन वर्षं करून झाल्यावरचा रिव्ह्यू

नीटला नंबर लागला नाही म्हणून आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला ॲडमिशन घेतलं. घरी सगळ्यांचे चेहरे पडलेले. आता कोणी विचारलं तर मी सांगेन की घ्या, पण आधी माहिती काढून घ्या. ५ पैकी ३.५.

त्यातले तीन नुसते प्रॅक्टिकलचे. पहिल्या ग्रॅम स्टेनिंगला (जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखायची पद्धत) माझं अल्कोहोल जास्त वेळ राहिलं आणि जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू सगळे गुलाबी, मॅडम ओरडल्या नाहीत, पण पाच वेळा स्लाइड करायला लावली आणि हात बसला तो कायमचा. सेकंड इयरला आमच्याच शेतातला भुईमूग उपटून नेला, मुळावरच्या गाठी धुऊन ठेचल्या, प्लेटवर स्ट्रीक केलं, म्हणजे रेघा ओढून पसरवलं, आणि रायझोबियम (हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे जिवाणू) वाढवलं. बाबा हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेला २५० ग्रॅमचं पाकीट आणतात त्यातही रायझोबियमच असतं, फक्त पिकाप्रमाणे जात वेगळी. फोटो दाखवल्यावर म्हणाले, म्हणजे हे जिवंत असतं होय? तेव्हापासून पाकीट उन्हात ठेवत नाहीत.

दीड मार्क कापले ते करिअर गायडन्सचे. आयआयटी जॅमचं (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) नाव थर्ड इयरच्या दिवाळीनंतर कळलं, तोवर फॉर्मची तारीख गेलेली. शिवाय बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणितही असतं आणि मी ते दहावीनंतर खुशीत सोडलेलं! बायोला गणित लागत नाही असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, पुढे स्टॅटिस्टिक्स पावलोपावली लागतं. सायन्स अकॅडमींची समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काम, हेही कोणी बोललं नाही. रिसर्चला जायचं तर सीएसआयआर नेट ही परीक्षा, तिच्यातून जेआरएफ म्हणजे रिसर्चची फेलोशिप मिळाली की महिना ३७,००० सुरू होतात, पण पीएचडीची पाच-सहा वर्षं धरून चला. पॅथॉलॉजी लॅबला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), शाळेत शिकवायला बीएड, ते बहुतेकांना माहीत असतं.

मी एमएस्सी करून सध्या फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला आहे. इंजेक्शनची स्टेरिलिटी टेस्ट (त्यात जंतू वाढतात का ते बघणं) १४ दिवस चालते, नळी गढूळ दिसली की बॅच अडकते, त्यामुळे जबाबदारीचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. शिफ्ट मात्र असतात. धाकटी बहीण यंदा अकरावीला, तिने बायोसोबत गणितही घेतलंय, फॉर्म मी स्वतः भरला.